अंगठा बाहेर

सात वाजता दांडिया बाजारच्या बोळात स्कूटर थांबतात
आणि उतरतात माझे पैलवान,
चार ते सहा वर्षांचे, एकूण अकरा,
गळ्यात बाटल्या, डोळ्यांत अजून झोप.
एकाचा पट्टा कमरेला तीन वेढे देऊनही उरतो,
तो शेपटीसारखा मागे ओढत येतो.

मी म्हणते, मूठ.
अकरा मुठी वर होतात,
अकराच्या अकरा अंगठे आत.

नुकत्या जन्मलेल्या पोराची असते तशी मूठ,
चार बोटांच्या पांघरुणात एक झोपलेला.
महिना झाला, मी त्या अंगठ्यांना उठवतेय.

आत ठेवून मारलंत तर मोडेल, मी सांगते.
कोणाचा? हेतवी विचारते.
तुझाच.
आणि ज्याला मारलं त्याला?
काही नाही होणार.
तिला हे साफ अन्यायाचं वाटतं,
ती तक्रार घेऊन मारुतीच्या कोनाड्याकडे बघते.

शेवटी सांगितलं, बोटं म्हणजे दार, अंगठा म्हणजे कडी.
दार लावा. आता कडी.
खट्, असा आवाजही काढायचा तोंडानं.
हे जमलं. अकरा खट्, पुढेमागे,
एक तर मी मूठ म्हणायच्या आधीच.

फक्त तक्ष सोलंकी आपल्या मुठीकडे बघत उभा.
बेन, कडी बाहेरून लावली तर आत कोण?

मला उत्तर आलं नाही.
मी सगळ्यांना बैठका घालायला लावल्या.

चिंध्या भरलेल्या गोणीवर बाकीचे ठोसे मारतात,
तक्ष तिला मिठी मारतो.
मने नथी मारवुं, म्हणतो,
तिच्या पोटात तोंड खुपसून.

तालमीच्या मागे आमच्या दोन खोल्या.
तिथे खिडकीशी वस्ताद बसतात, म्हणजे माझे वडील.
या मातीत त्यांनी पुष्कळ घडवले.
मला नाही. मी शिकले दाराच्या फटीतून,
आणि एक डाव पुरता चुकीचा शिकले,
फटीतून डावीच बाजू दिसायची म्हणून.

झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मिटलेला.
अंगठा आत.
सकाळ-संध्याकाळ दहा वेळा उघडायचा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मी उघडते. आठ, नऊ, दहा.
आम्ही दोघंही तेव्हा दुसरीकडे बघतो.

त्या शनिवारी तक्षच्या आईला उशीर झाला.
मी पोहे टाकले, तो खिडकीशी गेला.
दादा, अंगठा बाहेर!
दटावलं ते थेट माझ्या आवाजात.
मग एकेक बोट उलगडलं,
करंगळीपासून, जीभ बाहेर काढून,
अंगठा काढला, बोटं मिटली,
वर अंगठा ठेवला आणि म्हणाला, खट्.

कडी राहिली क्षणभर.
मग अंगठा परत आत गेला
आणि जाताना त्याचं बोट घेऊन गेला.

पकड सुटते ती अंगठ्याच्या बाजूनं,
हा धडा मी परवाच दिला होता.
त्यानं मनगट वळवलं, ती फट शोधली,
बरोबर शोधली,
पण समोरचा अंगठा जागेवर नव्हता.
या डावावर माझ्याकडे उतारा नाही.

ओढू नकोस, मी म्हणणार होते.
तो ओढतच नव्हता.
खुर्चीच्या हातावर हनुवटी टेकून उभा होता,
जशी रांग लागलीय कशाची तरी
आणि नंबर यायचाय.

बोळात हॉर्न वाजला. दोनदा.
मग तिसऱ्यांदा, लांबलचक.
तुझी आई आली रे.
हां, म्हणाला, पण बेन,
थोडी वार बंदच राहू दे.

वस्ताद त्याच्याकडे बघत होते,
मी त्यांच्याकडे,
आणि कढईकडे कोणीच नाही.
करपलेले पोहे मग चौघांनी खाल्ले,
त्याच्या आईनं हेल्मेट काखेत धरून, उभ्या उभ्याच.